नाडेपचे टाके

बुंदेलखंडात जमिनीची चार नावे चालतात: मार, काबर, पडुवा आणि राकड. पहिल्या दोन काळ्या, उरलेल्या तांबूस. झाशी शहर खडकाळ भागावर वसलेले, म्हणून भोवताली राकडच फार. काळी मार भेटते ती जिल्ह्यातल्या मोठ आणि गरौठा तालुक्यांकडे. छावणीला लागून असलेल्या सदर बाजारात कुणी हौसेने बागेत भर म्हणून काळी माती ओतली, की पावसाळ्यात तिचा लगदा होतो आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग कुणीतरी वाळू मिसळायचा सल्ला देतो. तो ऐकू नये. चिकणमातीत थोडी वाळू गेली की माती मोकळी व्हायची सोडून आणखी घट्ट बसते. या मातीला हवा शिरायला वाट लागते, आणि ती वाट करून देते कुजलेले सेंद्रिय खत.

त्यासाठी उत्तर प्रदेशातला कृषी खात्याचा माणूस हटकून ‘नाडेप’ सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, असेल एखादी सरकारी योजना. प्रत्यक्षात हे एका मराठी माणसाचे नाव आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे. त्यांच्या आद्याक्षरांचे झाले नाडेप, आणि तेही लोकांत ‘नाडेपकाका’ म्हणूनच ओळखले जात.

त्यांच्या आधीचा मोठा प्रयोगही मराठी राज्यातलाच. होळकरांच्या इंदुरात 1924 साली सुरू झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कापसाच्या काळ्या जमिनीवर काम केले. रसायनज्ञ यशवंत वाड त्यांच्या जोडीला होते. 1931 साली दोघांचे पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख थरांनी रचायची, खड्डा दोन फुटांहून खोल करायचा नाही, कारण खाली हवा पोचत नाही. मधेमधे तीनदा ढीग उलथायचा, की तीन महिन्यांत खत. हॉवर्डचे नाव झाले. वाडांचे मात्र आपल्याकडेही फारसे कुणाला ठाऊक नाही, हे खटकते.

पण उलथायला माणसे लागतात. संस्थेच्या शेतावर ती होती, दोन एकरवाल्याकडे कुठून असणार? पुसदच्या नाडेपकाकांच्या टाक्याने नेमका हाच खर्च वाचवला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधायचे आणि भिंतींत ठिकठिकाणी भोके ठेवायची. ढीग हलवायचा नाही. हवा बाजूने आपोआप शिरते. भरणीला चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचरा, साडेसतराशे किलो चाळलेली कोरडी माती आणि शेण मात्र जेमतेम शंभर किलो. शेणाच्या गोवऱ्या थापून चूल पेटवणाऱ्या मुलखात हा शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. एक-दोन दिवसांत भरणी उरकायची, पाणी शिंपायचे, वरून शेणमातीने लिंपायचे. भेगा पडल्या की पुन्हा लिंपायचे, ओल सुटू द्यायची नाही. झाशीच्या उन्हाळ्यात हे शेवटचे काम विसरले की कचरा कुजण्याऐवजी नुसता वाळतो. एरवी तीन-चार महिन्यांत खत तयार.

बंगल्याच्या बागेला एवढे टाके नको, सुट्या विटांचे निम्म्या मापाचेही पुरते. खत मात्र वाफसा आल्यावरच मिसळावे; ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर ढेकळे होतात, ती वर्षभर फुटत नाहीत. आणि एकदा घालून भागत नाही. उष्ण हवेत सेंद्रिय अंश झपाट्याने जळतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी एक थर हवाच. तेव्हा होळीनंतर गळणारा कडुनिंबाचा पाला कोपऱ्यात पेटवू नका, टाक्यात टाका.