पेवातला चारा

‘सायलो’ या शब्दाचा स्पॅनिशमधला जुना अर्थ धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा असा आहे. म्हणजे आपले पेव. त्या खड्ड्यात चारा गेला आणि मराठीत तो ‘मुरघास’ झाला.

मुरघासाचा इतिहास सहसा ओग्युस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्यापासून सांगतात. हिरवा मका खड्ड्यात दाबून टिकवण्यावरचे त्याचे पुस्तक १८७७ साली निघाले आणि लवकरच अमेरिकेत इंग्रजीत आले. पण त्याच्याही आधी स्टुटगार्टचा साखर कारखानदार आडोल्फ रायलेन बीटाचा पाला आणि चोथा खड्ड्यांत साठवत होता. मका त्याने नंतर पुरला. मक्याच्या आधी साखरधंद्याचे उरलेसुरले होते, हे आपण विसरलो.

कृती साधी आहे. चाऱ्याची बारीक कुट्टी करायची, तुडवून हवा काढायची, वरून घट्ट झाकायचे. हवा संपली की जिवाणू चाऱ्यातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आंबटपणात सडणे थांबते. फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनी बाहेरून आम्ल घालून हाच परिणाम साधला. चारा टिकवण्याच्या या पद्धतीचा उल्लेख त्यांच्या १९४५ च्या नोबेल पुरस्कारात आहे.

महाराष्ट्रात प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पुढे कारखाने वाढले, तसे उसाचे वाढेही. हंगामात वाढे मुबलक असतात. एप्रिल-मेमध्ये गव्हाणी रिकाम्या पडतात. ताज्या वाढ्यांतले ऑक्झलेट जनावराच्या अंगचे कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून चुन्याची निवळी द्यायला सांगतात. वाढे मुरवून ठेवले, तर दोन ऋतूंमधली ही दरी काही अंशी बुजते.

मात्र वाढे बेवारस नाहीत. ऊसतोड कामगाराचे बैल त्यांवर जगतात, आणि उरलेली मोळी विकून त्याच्या घरात मीठ-मिरची येते. कुट्टीयंत्र, प्लॅस्टिक आणि खड्ड्यापुरती जागा ज्याच्याकडे आहे, त्यालाच मुरघास करता येतो. कोयता चालवणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. रायलेनचा चोथा त्याच्याच कारखान्यातला होता. इथे उरलेसुरले एकाचे आणि पेव दुसऱ्याचे, असे होऊ शकते. म्हणून वाढ्यांच्या मुरघासाचा हिशेब मांडताना मोळीचा दर पहिल्या ओळीत लिहायला हवा.