टस्कीगी : एका काउंटी-मुख्यालयाचा चौक आणि नागरी जीवन

अमेरिकेच्या दक्षिण भागातील लहान काउंटी-मुख्यालयांची रचना पुष्कळशी एकसारखी आढळते. मध्यभागी चौक, त्यालगत न्यायालय आणि सभोवार दुकाने. गावाचा व्यापार आणि कारभार येथेच एकवटत असल्याने चौक कोणाचा, हा प्रश्न केवळ जागेचा राहत नाही. अलाबामा राज्यातील मेकन काउंटीचे मुख्यालय टस्कीगी हे याचे बोलके उदाहरण होय.

येथे ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांसाठी अध्यापक विद्यालय सुरू झाले. टस्कीगी इन्स्टिट्यूट या नावाने पुढे विख्यात झालेल्या या संस्थेमुळे काउंटीतील बहुसंख्य कृष्णवर्णीय समाजात सुशिक्षित मध्यमवर्ग उदयास आला. चौक मात्र त्यांचा नव्हता. १९०६ मध्ये ती जागा 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या संघटनेस श्वेतवर्णीयांच्या उद्यानासाठी देण्यात आली. यादवी युद्धात गुलामगिरीच्या पक्षाने लढलेल्या सैनिकाचा पुतळा तेथे उभा राहिला.

कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढू लागताच १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचे झाले. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सर्व हद्दीबाहेर गेले, श्वेतवर्णीय मतदार एकही गेला नाही. इन्स्टिट्यूटही गावाबाहेर पडली! मतदार म्हणून नकोसे झालेले हे लोक चौकातील दुकानांचे मोठे गिऱ्हाईक होते, ही बाब कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या टस्कीगी सिव्हिक असोसिएशनने खरेदीवर बहिष्कार पुकारला. चर्चमधून साप्ताहिक सभा भरू लागल्या. अनेक दुकाने बंद पडली. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोमिलियन यांच्या बाजूने एकमताने निर्णय दिला. इतिहासलेखनात या निकालाला जेवढे स्थान मिळते, तेवढे बहिष्काराला मिळत नाही. वस्तुतः निकाल येईपर्यंत समाज एकत्र राहिला तो बहिष्कारामुळेच.

संघर्ष तेथे थांबला नाही. जानेवारी १९६६ मध्ये पेट्रोल पंपावरील श्वेतवर्णीयांसाठी राखीव स्वच्छतागृहाच्या वादातून सॅम्युएल यंग या विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली. आरोपी निर्दोष सुटताच विद्यार्थ्यांनी चौकातील पुतळा काळ्या रंगाने रंगविला. त्याच वर्षी लुशियस अमरसन शेरीफपदी निवडून आले. १९७२ मध्ये जॉनी फोर्ड महापौर झाले. सत्ता गेली, तरी पुतळा राहिला. २०२१ मध्ये नगर परिषदेचे सदस्य असलेल्या याच फोर्ड यांनी त्याच्या पायाला करवत लावली.