सांडलेल्या उजेडाचा माग

थायरॉइडच्या तपासणीला डोंबिवलीतल्या एखाद्या लॅबमध्ये रक्त दिले, की नळीत संप्रेरकाचे रेणू प्रतिपिंडांना बिलगतात. ही गाठभेट डोळ्यांना दिसत नाही. १९५९ च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी त्यावर तोड काढली. रेणूला किरणोत्सारी आयोडीनची खूण बांधायची आणि मग ती खूणच मोजायची. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन पाच वर्षे आधीच वारले होते. आपल्या ठाणे जिल्ह्यातही ही विद्या रुजली. वाशीच्या ‘ब्रिट’ने, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने, टी-थ्री, टी-फोर, टीएसएच मोजण्याचे असे संच देशभर पुरवले.

खुणेवाचून पाहण्याच्या वाटेचे मूळ मात्र याहून जुने आहे. तिच्या उगमाकडे आपण गेलो, तर १८९७ च्या कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस भेटतात. लोलकाच्या आतून पूर्ण परतणारी विद्युतलहर दुसरा लोलक पुरेसा जवळ आणला की मधली हवेची फट ओलांडते, हे त्यांनी दाखवले. परावर्तन ‘पूर्ण’ म्हणायचे, पण काचेबाहेर थोडे सांडतेच. १९०२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वूड यांना धातूच्या रेघाळ जाळीवर प्रकाशात अचानक काळे-उजळ पट्टे दिसले. कारण सापडेना, म्हणून त्यांनी नोंद करून ठेवली. (अशा नोंदी ठेवणाऱ्यांचे ऋण मोठे.) १९६८ मध्ये जर्मनीत ओटो, तसेच क्रेचमान आणि रेथर, यांनी लोलक आणि धातूचा पातळ थर एकत्र आणून सांडलेल्या उजेडाने धातूतले इलेक्ट्रॉन झुलवले; वूड यांच्या पट्ट्यांमागेही हेच झुलणे होते. सोन्याच्या अशा थरावर काही चिकटले, की हे झुलणे ज्या कोनात घडते तो कोन सरकतो. १९८३ मध्ये स्वीडनच्या लिंशोपिंगमध्ये लीडबर्ग, नीलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी याच युक्तीने प्रथिनांचे चिकटणे टिपले. १९९० मध्ये उप्सालाहून त्याचे यंत्र बाजारात आले.

ते यंत्र महाग. पवईच्या आयआयटीत साई, कुंडू आणि सौम्यो मुखर्जी यांनी २००९ मध्ये साधी वाट मांडली. प्रकाशतंतूचे आवरण काढून तो यू आकारात वाकवायचा, त्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे आणि द्रावणात बुडवायचा. वाकणापाशी उजेड जास्त सांडतो, म्हणून संवेदनशीलताही वाढते.

डोंबिवलीतले रक्त मात्र आजही बहुधा खुणेच्याच यंत्रात जाते. फक्त किरणोत्सारी आयोडीनच्या जागी उजेड देणारे रसायन आले आहे.