महाराज हयात असेतोवर

१२ ऑक्टोबर १७९४ रोजी क्योनिग्सबर्गमध्ये इमान्युएल कांटच्या हाती एक राजाज्ञापत्र पडले. त्यावर तारीख १ ऑक्टोबरची होती आणि ठिकाण बर्लिन. पत्र प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्या नावे होते, सही मात्र मंत्री व्योल्नरची. मायना गोड आहे. विद्वान, प्रिय, निष्ठावान अशी सगळी विशेषणे जागच्या जागी आहेत. त्याला लागूनच आरोप येतो. तत्त्वज्ञानाचा दुरुपयोग करून तुम्ही पवित्र शास्त्राची आणि ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण विपरीत करून मांडलीत, तिला हीन लेखलेत. पुरावा म्हणून ‘केवळ बुद्धीच्या मर्यादेतील धर्म’ या पुस्तकाचे नाव आहे. जाब ताबडतोब मागितला आहे, आणि पुन्हा असे घडल्यास अप्रिय कारवाई टळणार नाही, अशी तंबीही आहे.

हे पत्र आणि त्याचे उत्तर आज सर्वांना ठाऊक आहे ते मुख्यतः कांटनेच दोन्ही छापल्यामुळे, तेही चार वर्षांनी. आरोपीनेच आपल्या प्रकरणाची कागदपत्रे प्रसिद्ध केली असतील तर अभ्यासकाने ती सावधपणे वाचावीत. सुदैवाने उत्तराचे कच्चे मसुदे कांटच्या दप्तरात शिल्लक आहेत, त्यामुळे सगळी भिस्त छापील पानावर ठेवावी लागत नाही.

प्रकरण सहा वर्षे आधी सुरू झाले होते. जुलै १७८८ मध्ये धर्मखाते व्योल्नरकडे आले. त्याच्या आधीचा मंत्री त्सेडलिट्स, ज्याला कांटने ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ अर्पण केली होती. व्योल्नरने खाते हाती घेतल्यावर आठवडाही उलटला नाही तोच, ९ जुलैला, धर्माज्ञा निघाली. तिच्याकडे निव्वळ जुलूम म्हणून पाहण्याची रीत आहे. मला ती अपुरी वाटते. आज्ञेत ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि रोमन कॅथलिक या तिन्ही पंथांना संरक्षण आहे, इतरांना सहनशीलता दाखवली आहे. पाद्र्याने मनात काय मानावे, यात ती हात घालत नाही. व्यासपीठावरून मात्र त्याने आपल्या पंथाच्या मान्य मतांबाहेर काही शिकवू नये, एवढीच तिची अट. पण ती ‘एवढीच’ अट कुठवर पसरते, हे पुढे दिसले.

मन मोकळे आणि व्यासपीठ बांधलेले, ही वाटणी व्योल्नरची नव्हे. राजाचा अधिकार देहावर आणि मालमत्तेवर चालतो, आत्म्यावर नाही, हे ल्यूथरने १५२३ सालीच लिहिले होते. पुढे ल्यूथरन राज्यांत राजेच चर्चचे पालक झाले, पाद्र्यांची नेमणूक आणि देखरेख राज्याच्या धर्ममंडळांकडे गेली. खुद्द कांटनेही १७८४ सालच्या प्रबोधनावरील निबंधात म्हटले होते की पाद्र्याने पदावर असताना चर्चच्या मताला बांधील राहावे, पण विद्वान म्हणून वाचकांसमोर लिहिताना त्याला पूर्ण मोकळीक हवी. व्योल्नरने यातला पहिला भाग उचलला. दुसऱ्यासाठी डिसेंबर १७८८ मध्ये मुद्रणनियंत्रणाचा हुकूम काढला.

१७९२ साली कांटच्या धर्मविषयक लेखांपैकी पहिला बर्लिनच्या तपासनिसाने जाऊ दिला. त्याचे कारण गमतीचे आहे: कांटला वाचणारे गंभीर विद्वानच असतात, त्यातून अपाय नाही! दुसरा अडवला गेला. मग कांटने विद्यापीठांच्या जुन्या अधिकाराचा आधार घेतला. ग्रंथ धर्मशास्त्राच्या कक्षेत येतो का, हे क्योनिग्सबर्गच्या धर्मशास्त्र विद्याशाखेकडून ठरवून घेतले आणि छपाईची परवानगी येनाच्या तत्त्वज्ञान विद्याशाखेकडून मिळवली. पुस्तक १७९३ च्या वसंतात निघाले. नियम कुठेच मोडला नव्हता. बर्लिनला हेच अधिक झोंबले असावे, असा माझा तर्क आहे.

आज्ञापत्र निघण्याच्या चारच महिने आधी, १ जून १७९४ रोजी, प्रशियाची नवी विधिसंहिता अमलात आली होती. देव आणि दैवी गोष्टींबद्दलच्या प्रजेच्या कल्पना सक्तीच्या कायद्याचा विषय होऊ शकत नाहीत, असे तीत स्वच्छ लिहिले आहे. व्योल्नरच्या पत्राने त्याचा शब्दशः भंग होत नाही. त्याने कांटच्या श्रद्धेला हात लावला नाही, लेखणीला लावला.

कांटचे उत्तर वकिली थाटाचे आहे. शिक्षक म्हणून मी वर्गात बायबलची चिकित्सा कधी आणली नाही, बाउमगार्टेनच्या पाठ्यपुस्तकांवरून शिकवतो. पुस्तक सामान्यांसाठी नाहीच, त्यांना ते कळणारही नाही. तो विद्याशाखांमधला वाद आहे. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अंतःकरण जाणणाऱ्या न्यायाधीशापुढे लवकरच उभे राहावे लागेल हे ध्यानात ठेवून, हे लिहितो आहे. आणि शेवटी, महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन या नात्याने, धर्मावर जाहीरपणे बोलणे आणि लिहिणे यापुढे पूर्ण बंद करतो.

त्याच्या कागदांतल्या एका टिपणात या निर्णयाचा हिशेब आहे. आपले मत नाकारणे नीचपणाचे. पण अशा प्रसंगी गप्प बसणे हे प्रजाजनाचे कर्तव्य. बोलू ते खरे असावे, खरे ते सगळे जाहीर बोलावेच असे नाही. ४ डिसेंबर १७९४ रोजी ग्योटिंगेनच्या धर्मशास्त्रज्ञ श्टॉयडलिनला त्याने कळवले की विद्याशाखांच्या कलहावरचा निबंध तयार आहे, पण सध्या बाहेर काढत नाही. ग्योटिंगेन प्रशियाच्या हद्दीबाहेर होते, तरीही नाही.

१६ नोव्हेंबर १७९७ रोजी राजा वारला. पुढच्या वर्षी व्योल्नरचे पद गेले आणि ‘विद्याशाखांचा कलह’ छापून आला. प्रस्तावनेत दोन्ही पत्रे आहेत आणि उत्तरातल्या त्या ‘प्रजाजना’खाली एक तळटीप. शब्द आपण जपून निवडले होते, वचन त्या महाराजांच्या हयातीपुरतेच होते, असे कांट तिथे सांगतो. अनेकांना यात चतुराई दिसते. मला ती पळवाट वाटते, आणि त्या राज्यात प्रामाणिक माणसाला दुसरी वाट नव्हती, हेही मान्य करावे लागते.

पुस्तक अर्पण केले आहे श्टॉयडलिनला.