'लूट' : इंग्रजीत गेलेला आपला शब्द, त्याचा अर्थ आणि वापर

इंग्रजी बातम्यांत 'लूट', 'लूटिंग', 'लूटर्स' हे शब्द नेहमी येतात. घरातली मुलं विचारतात, हा इंग्रजी शब्द आपल्यासारखाच कसा? कारण तो मुळात आपल्याकडचाच आहे. संस्कृत धातूपासून हिंदुस्तानीत 'लूट' झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १८व्या शतकात, इंग्रजांच्या तोंडी बसला.

अर्थ : युद्ध, दंगल, पूर अशा वेळी, राखणारं कुणी नसताना, दुसऱ्याचा माल उचलून नेणे. नेलेल्या मालालाही 'लूट'च म्हणतात.

फरक : गुपचूप नेलं तर 'थेफ्ट', म्हणजे चोरी. धाक दाखवून किंवा मारहाण करून नेलं तर 'रॉबरी', म्हणजे जबरी चोरी. आपल्या कायद्यात पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. मराठीत आपण 'आनंद लुटला' म्हणतो. इंग्रजीत तसं चालत नाही.

वापर : हा शब्द कोण कुणासाठी वापरतो, ते पाहिलं पाहिजे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान शहीद झाले. त्यांच्या खजिन्याची इंग्रज फौजेत हुद्द्याप्रमाणे वाटणी झाली. सरकारी कागदांत तिचं नाव 'प्राइझ'! टिपूंचा लाकडी वाघ आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर पाण्यात बुडालं. सामान घेऊन पाण्यातून चाललेल्या माणसांचे दोन फोटो दोन वृत्तसंस्थांनी दिले. काळ्या तरुणाच्या फोटोखाली लिहिलं होतं, दुकान 'लुटून' आला. गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली, त्यांना ब्रेड आणि सोडा 'सापडला'. यावर मोठा वाद झाला. एका बाजूने सांगितलं गेलं की तरुणाला दुकानात शिरताना पाहिलं होतं. दुसऱ्या बाजूने, तो माल पाण्यावर तरंगत होता. तरीही वाचकांना खटकायचं ते खटकलंच.

म्हणून आम्ही एवढंच सांगू : 'लूट' हा नुसता शब्द नाही, तो आरोप आहे. बातमीत तो दिसला की आधी विचारा, कुणी पाहिलं आणि काय पाहिलं? आणि एखादा व्हिडिओ पुढे पाठवताना कुणालाही 'लुटारू' लिहिण्याआधी हाच प्रश्न स्वतःलाही विचारा.