जर्मनीत लग्न करायचंय? कोणती कागदपत्रं लागतात आणि ती कोणत्या क्रमाने काढायची?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत गेलेले अनेक मराठी तरुण-तरुणी तिथेच लग्न करायचं ठरवतात. प्रत्यक्ष विवाहविधी अर्ध्या तासात उरकतो. त्याआधीच्या कागदपत्रांना मात्र कित्येक महिने लागू शकतात. बऱ्याचदा हा वेळ कागद नसल्यामुळे जात नाही, तर तो चुकीच्या क्रमाने काढल्यामुळे जातो. म्हणून हॉल आणि विमानाची तिकिटं बुक करण्याआधी ही प्रक्रिया समजून घ्या.

कायदेशीर लग्न कुठे होतं?

जर्मनीत कायद्याने मान्य असलेलं लग्न सरकारी विवाह नोंदणी कार्यालयातच होतं. या कार्यालयाला 'श्टांडेसआम्ट' म्हणतात. मंदिरात किंवा चर्चमध्ये लग्न लावता येतं, पण तेवढ्याने जर्मन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही पती-पत्नी होत नाही.

दोघांपैकी कोणी जिथे राहतं, तिथल्या कार्यालयात आधी लग्नाची पूर्वनोंदणी करावी लागते. कागदपत्रांची यादी तिथूनच मिळते. ही यादी शहरागणिक आणि जोडप्यागणिक बदलू शकते. त्यामुळे मित्राला जे लागलं तेच तुम्हालाही लागेल, असं गृहीत धरू नका.

साधारण कोणती कागदपत्रं लागतात?

- पासपोर्ट आणि जर्मनीतल्या वास्तव्याचा दाखला
- जन्मदाखला
- अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. ते तुम्ही करायचं की आई-वडिलांनी, नोटरीसमोर की दंडाधिकाऱ्यासमोर, हे कार्यालयाला आधीच विचारा
- घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा आणि तो अंतिम झाल्याचा पुरावा
- जोडीदाराचं निधन झालं असेल तर मृत्यू दाखला
- या सगळ्यांची जर्मन भाषांतरं. ती सहसा जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावी लागतात

दोघांपैकी कोणाला जर्मन समजत नसेल तर लग्नाच्या वेळी दुभाषी लागतो.

अपोस्टिल करून नेलं तर?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. परदेशात कागद चालावा म्हणून त्यावर जो आंतरराष्ट्रीय शिक्का घेतात, तो म्हणजे अपोस्टिल. १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली आणि भारतासाठी हा करार २००५ मध्ये लागू झाला. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतला होता, त्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिलची व्यवस्था लागू नाही. एजंटला पैसे देऊन अपोस्टिल करून नेलं, तरी जर्मन कार्यालय तेवढ्यावर समाधान मानत नाही.

त्याऐवजी बहुतेक वेळा कागदांची प्रत्यक्ष पडताळणी होते. ती तुम्ही स्वतः सुरू करू शकत नाही. श्टांडेसआम्ट भारतातल्या जर्मन दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला विनंती पाठवतं आणि खर्च जोडप्याला भरावा लागतो. दूतावासाने नेमलेला वकील किंवा तपासनीस जन्मनोंदणी कार्यालयात जाऊन मूळ नोंद पाहतो. वैवाहिक स्थितीबद्दल नातेवाइकांकडे, कधी शेजाऱ्यांकडेही चौकशी होऊ शकते. याला काही महिने लागतात.

म्हणूनच घरच्यांना आधी कल्पना द्या. अनोळखी माणूस दारात येऊन 'तुमच्या मुलाचं आधी लग्न झालंय का?' असं विचारू लागला, तर लोक घाबरून उलटसुलट उत्तरं देतात आणि प्रकरण लांबतं. घरी न सांगता लग्न करणार असाल, तर या चौकशीतून ते घरी कळू शकतं, हेही लक्षात ठेवा.

मराठी नावांची अडचण

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी पद्धत आहे. पासपोर्टवर वडिलांचं नाव अनेकदा तुमच्या नावालाच जोडलेलं असतं, तर जन्मदाखल्यावर फक्त तुमचं नाव असतं. जुन्या दाखल्यांवर तर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असतं. जर्मन अधिकाऱ्याला ही वेगवेगळी माणसं वाटू शकतात.

सगळे कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. नाव घालायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात ते काम भाषांतराच्या आधी करून घ्या.

भारत देत नाही तो दाखला

जर्मन नागरी कायद्याच्या कलम १३०९ नुसार परदेशी व्यक्तीला, लग्नात कायदेशीर अडथळा नाही असा दाखला स्वतःच्या देशातून आणावा लागतो. जर्मनीला हव्या त्या स्वरूपाचा दाखला भारतात दिला जात नाही. म्हणून या अटीतून सूट मागावी लागते. अर्ज श्टांडेसआम्टमार्फत जातो आणि निर्णय तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष घेतात. ही सूट फक्त ६ महिने टिकते. तेवढ्यात लग्न झालं नाही तर पुन्हा अर्ज करावा लागतो.

मग क्रम कोणता?

१. श्टांडेसआम्टकडून लेखी यादी घ्या.
२. नावांतल्या चुका दुरुस्त करा.
३. जन्मदाखल्याची नवी प्रत काढा.
४. प्रतिज्ञापत्र शेवटी करा, कारण जुनं झालेलं प्रतिज्ञापत्र अनेक कार्यालयं घेत नाहीत.
५. भाषांतर करून कागद जमा करा.
६. पडताळणी आणि सूट मिळाल्यावरच तारीख, हॉल आणि तिकिटं ठरवा.

जोडीदार भारतात असेल तर लग्नासाठीच्या व्हिसाला पूर्वनोंदणीचं पत्र लागतं. त्यामुळे हाच क्रम तिथेही उपयोगी पडतो.

डेन्मार्कला जाऊन लग्न केलं तर?

जर्मनीत राहणारी अनेक परदेशी जोडपी हा मार्ग निवडतात. डेन्मार्कच्या कौटुंबिक कायदा संस्थेकडे, म्हणजे 'फॅमिलीरेट्सहूसेट'कडे ऑनलाइन अर्ज करायचा असतो. मंजुरीचं प्रमाणपत्र ४ महिने वैध असतं. अनेकांना हा मार्ग जर्मनीपेक्षा बराच लवकर संपणारा वाटतो. पण लग्न झालं म्हणजे जर्मनीत राहण्याचा परवाना आपोआप मिळत नाही. जोडीदार पर्यटक व्हिसावर आला असेल तर त्याला सहसा भारतात परतून कुटुंब व्हिसासाठी अर्ज करावा लागतो.

हे लग्न भारतात चालतं का?

परदेशातल्या कायद्याप्रमाणे झालेलं लग्न १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यामुळे अवैध ठरत नाही. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल, तर याच कायद्याच्या कलम १७ खाली भारतीय दूतावासात त्याची नोंदणीही करता येते. मुलाचं वय किमान २१, मुलीचं १८ आणि दोघांपैकी कोणाचाही पती किंवा पत्नी हयात नसणं, या मूळ अटी तिथेही लागू आहेत. पुढे पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालताना किंवा मालमत्तेच्या कामात विवाह प्रमाणपत्र लागतं, म्हणून त्याच्या दोन-तीन मूळ प्रती सुरुवातीलाच मागून घ्या.