चाळीसगावचा टांगा, कामगाराची सायकल आणि रस्त्यावरचा हक्क

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा 1989 चा. 2015 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि 26 जानेवारी 2016 पासून ती लागू झाली. या दुरुस्तीने कलम 3 मध्ये जे नवे गुन्हे आले, त्यातला एक आपल्या अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतो. दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणे, चपला-बूट किंवा नवे कपडे घालू न देणे, लग्नाची वरात काढू न देणे, वरातीत घोड्यावर बसू न देणे, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि वर दंड.

घोड्यावरून खाली ओढलेल्या नवरदेवाची बातमी आपण दर लग्नसराईत वाचतो. पण सायकल? हजारदोन हजारांची, पंक्चर काढून काढून वापरलेली सायकल संसदेला अत्याचाराच्या कायद्यात का लिहावी लागली? कायद्यात एखादा शब्द उगाच येत नाही. त्याच्यामागे कुणीतरी खाल्लेला मार असतो. सायकलच्या या एका शब्दामागे आपल्या समाजाचा रस्त्याशी असलेला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो आपण विसरलो, म्हणून आज रस्त्याचा प्रश्न आपल्याला आपला वाटत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

रस्ता सार्वजनिक कधी होता?

पेशवाईत अस्पृश्याला सवर्ण येत असताना रस्त्याने चालायची बंदी होती आणि पुण्यात कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त मांडले आहे. पेशवाई 1818 ला गेली. इंग्रजांनी पक्के रस्ते बांधले, रेल्वे आणली. तिकीट काढले की रेल्वेच्या डब्यात बसता येत होते. पण स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकले की पुन्हा गाव सुरू होत असे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेले दोन प्रसंग आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. फक्त आपण ते अस्पृश्यतेचे प्रसंग म्हणून वाचतो, वाहतुकीचे म्हणून वाचत नाही. पहिला 1901 चा. लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. वडिलांकडे कोरेगावला जायचे होते. मुले महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने पायी चालणार.

दुसरा प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि दलितांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. एकाही टांगेवाल्याला महार प्रवासी नको होता. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. टांगेवाल्यांनी महाराची गाडी हाकणे म्हणजे कमीपणा मानला. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. थोडे पुढे जातात तोच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

हा अपघात कुणामुळे झाला? त्या नवख्या माणसामुळे, असे आजचा पोलीस पंचनामा म्हणेल. पण तो नवखा माणूस तिथे का बसला होता, हे पंचनाम्यात येत नाही. समाजाने कुशल हात नाकारले, म्हणून जीव धोक्यात आला. चाळीसगावचा खरा धडा हाच आहे. रस्त्यावर कोण सुरक्षित राहील हे नशिबाने ठरत नाही, समाजात कुणाला काय नाकारले आहे त्यावरून ठरते.

गाडीवानाशिवायची गाडी

या पार्श्वभूमीवर सायकल काय होती ते पाहा. सायकलला गाडीवान लागत नाही. बैल लागत नाहीत, घोडा लागत नाही, म्हणजे चाऱ्यासाठी जमीनही लागत नाही. कुणाच्या शेजारी बसावे लागत नाही. ज्याला गावाने टांगा नाकारला, त्याला हे वाहन कुणाच्या परवानगीशिवाय कामावर पोहोचवते.

सुरुवातीला सायकल विलायती होती, साहेबाची आणि वकील-डॉक्टरांची होती. स्वातंत्र्यानंतर देशातच कारखाने वाढले. 1951 मध्ये सोनिपतला ॲटलस आणि 1956 मध्ये लुधियानाला हिरो सुरू झाली आणि सायकल कामगाराच्या आवाक्यात आली. पुण्याच्या उत्तरेला खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचा लष्करी डेपो, पुढे पिंपरीतले कारखाने. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची पहिली पगारी नोकरी याच पट्ट्यातली. पुण्याला 'सायकलींचे शहर' म्हणतात तेव्हा पेठेतले प्राध्यापक आणि सायकलवरच्या कॉलेजकन्यका आठवल्या जातात. कारखान्याचा भोंगा झाल्यावर गेटातून सुटणारा सायकलींचा लोंढा त्या आठवणीत नसतो.

ती सायकल नीट आठवून पाहा. काळी, चोवीस इंची, मधे दांडी असलेली. दांडीवर पोर, कॅरिअरवर बायको किंवा पिठाचे पोते, हँडलला डब्याची पिशवी. पुढे डायनॅमोचा दिवा, मागे लाल काच, हँडलवर घंटी. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस धरायचा. कितीतरी नगरपालिका सायकलवर वर्षाचा कर घेत आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. आज मोटारवाले म्हणतात, रस्ता आमच्या करातून होतो, सायकलवाला काय भरतो? त्यांना सांगा, आमच्या आजोबांनी सायकलचा बिल्ला काढलेला आहे. आणि शहरातले रस्ते महापालिकेच्या तिजोरीतूनच होतात. त्या तिजोरीत वस्तीतल्या माणसाने काडेपेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर भरलेला करही फिरून येतोच.

उतरून चल!

शहरात सायकल सुटका करत होती, तेव्हा खेड्यात तीच सायकल डोळ्यांत खुपत होती. देशाच्या अनेक भागांत दलिताने सवर्णांच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरायचे, हातात धरून चालवत न्यायची, हा नियम होता. 2001-02 मध्ये 11 राज्यांतल्या 565 खेड्यांत अस्पृश्यतेचा मोठा अभ्यास झाला. त्यात चप्पल आणि छत्रीसारखीच सायकलवरची बंदीही नोंदवली गेली. प्रश्न सायकलचा नव्हता. सायकलवर बसलेला माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा वीतभर उंच दिसतो आणि कुणासाठी थांबत नाही, हे सहन होत नव्हते.

आपल्या लोकांनी हे ओळखले होते. 1893 मध्ये केरळात अय्यंकाळी बैलगाडीत बसून बंदी असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून गेले. 1924 चा वायकोम सत्याग्रह देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी होता. 1927 ला महाडला तळ्याचा हक्क बजावला गेला. आणि संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत 'रस्ते' हा शब्द आला. चवदार तळे आणि रस्ता संविधानाने एकाच वाक्यात ठेवले आहेत. तळ्यासाठी आपण दरवर्षी महाडला जातो. रस्त्यासाठी काय करतो?

दोन पाय, दोन चाकं

पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत कांशीराम साहेब नोकरीला होते. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्टीच्या लढ्यातून ते चळवळीत ओढले गेले. पुण्यात ते सायकलवरून हिंडत, संघटनेचे काम करत, अशा आठवणी त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितल्या आहेत. पुढे 1981 मध्ये डीएस-फोर स्थापन झाली आणि 1983 मध्ये साहेबांनी सुमारे शंभर सायकलस्वार घेऊन दिल्लीभोवतीच्या सात राज्यांत सायकल मोर्चा काढला. 'दो पैर, दो पहिये' ही त्यामागची कल्पना होती. ज्यांच्याकडे पैसा नाही, वर्तमानपत्र नाही, मोटारी नाहीत, त्यांच्याकडे दोन पाय आणि दोन चाके आहेत. तेवढ्यावर देशाचे राजकारण हलवता येते, हे त्यांनी करून दाखवले. सायकल हे दारिद्र्याचे चिन्ह आहे असे साहेबांना वाटले नाही.

आता आपल्या जयंतीची रॅली पाहा. पुढे डीजे, मागे सायलेन्सर काढलेल्या बुलेट. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्याच्या आजोबाला सायकलवरून उतरवले, त्याच्या नातवाला बुलेटवरून मिरवावेसे वाटणे अगदी समजण्यासारखे आहे. पण त्याच रॅलीचा मंडप घालणारा, सकाळी झाडून घेणारा आपलाच माणूस कामावर कशाने येतो, हेही पाहिले पाहिजे.

रस्ता रुंद झाला, जागा गेली

2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांना, कामावर कसे जाता, हे विचारले गेले. सुमारे 2 कोटी 60 लाख लोकांनी सायकल सांगितली, म्हणजे शंभरातले तेरा. पायी जाणारे त्याहून जास्त. हे लोक छंद म्हणून सायकल चालवत नाहीत. हे वॉचमन, बिगारी, पेपर आणि दूध टाकणारे, हॉटेलातले आचारी, सफाई कामगार. यात आपले लोक किती, हे सांगायला तक्ता लागत नाही.

या लोकांसाठी नियम नव्हते असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्ग कसे बांधावेत याचे मार्गदर्शन 1962 मध्येच छापले. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांना देण्याऐवजी माणसांना द्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच वर्षापासून पुण्यात बीआरटीबरोबर सायकल मार्ग बांधायला सुरुवात झाली. आज त्यांवर कुठे पार्किंग, कुठे डीपीचा खांब, कुठे उखडलेले ब्लॉक. मार्ग मधेच संपतो आणि सायकलवाला भर वेगातल्या गाड्यांत ढकलला जातो. दुसरीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबईचा सागरी सेतू इथे सायकलला प्रवेशच नाही. जिथे वेग आहे तिथे सायकल नको हे आम्हालाही मान्य. पण मग तेवढ्याच खर्चाने तिला वेगळी, सुरक्षित वाट कुठे दिली?

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यात 4,836 सायकलवाले आणि 32,825 पायी चालणारे होते. वस्तीत काम करताना हे आकडे आम्हाला चेहऱ्यांसकट भेटतात. आमच्या ओळखीचे एक काका रात्रपाळीचे वॉचमन. पहाटे सायकलवरून परतताना मागून गाडीने उडवले आणि ती थांबली नाही. पाय मोडला, चार महिने घरी, नोकरी गेली. आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, "सायकलला मागे लाइट होता का?" लाइट नव्हता. रिफ्लेक्टरही तुटलेला होता. पण त्या पुलावरचे दिवे बंद होते, हे कुणी विचारले नाही. चाळीसगावच्या पंचनाम्यात आणि या पंचनाम्यात आम्हाला फरक दिसत नाही.

आक्षेप आणि उत्तर

काही साथी म्हणतील, अत्याचार, आरक्षण, शिक्षण हे प्रश्न पडले असताना सायकल कुठे घेऊन बसलात? सायकल मार्ग हे श्रीमंत सायकलप्रेमींचे खूळ आहे. रविवारी हेल्मेट घालून लाखाची सायकल चालवणाऱ्यांचा आवाज मोठा आहे हे खरे. म्हणूनच मार्ग त्यांना हवे तिथे होतात, नदीकाठी आणि टेकडीला. वस्तीपासून एमआयडीसीपर्यंत होत नाहीत. आपण बोललो नाही म्हणून ते मार्ग चुकीच्या जागी झाले.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. शहरात सायकलवाल्याला उडवणारा ड्रायव्हर त्याची जात विचारून उडवत नाही. ही अस्पृश्यता नव्हे. पण रस्त्याचा आराखडा करताना कोण दिसते आणि कोण दिसतच नाही, यात जात आहे. शिक्षणाचा प्रश्नही यातच आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. गावच्या शाळेपुढे हायस्कूलसाठी चार-पाच किलोमीटर जायचे असते. मुलीला एकटी पाठवावी असा रस्ताच नसेल, तर सायकल घरी भिंतीला टेकून राहते. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण फेकले गेले ते रस्त्यावरच.

मग करायचे काय?

पहिले, कायदा माहीत करून घ्या. गावात सायकलवरून उतरवले तर ती 'किरकोळ बाचाबाची' नाही. अत्याचार कायद्याच्या कलम 3(1)(झेडए) प्रमाणे गुन्हा नोंदवायला लावा.

दुसरे, अज्ञात वाहनाने धडक दिली तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये भरपाई आहे. अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. वस्तीत हे कुणी सांगत नाही. आपल्या शाखेच्या फलकावर लिहा.

तिसरे, प्रभागातल्या सायकल मार्गावर किती खर्च झाला, दिवे कधी लागणार, हे माहितीच्या अधिकारात विचारा. पुण्यात नागरिकांच्या सूचनांतून महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामे घेण्याची पद्धत आहे. तिथे आपल्या वस्तीचा अर्ज पडला पाहिजे.

चौथे, या 14 एप्रिलला वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. वस्तीतल्या प्रत्येक सायकलला मागे रिफ्लेक्टर, घंटी आणि ब्रेकचे नवे रबर बसवून द्या. सगळे मिळून एका सायकलला दोनशे-तीनशे रुपयेही लागणार नाहीत. रॅलीत सगळ्यात पुढे रात्रपाळीहून आलेले सायकलवाले ठेवा, बुलेट त्यांच्या मागे.

ज्या माणसाला चाळीसगावात टांगा मिळाला नाही, त्याने या देशाच्या संविधानात 'रस्ते' हा शब्द आणला. आता आपल्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या रस्त्यावर तो शब्द खरा करणे आपल्या हातात आहे.

जयभीम!